टॉवेलाखालची शर्यत

शिवगोंडा पाटलांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला आणि माझ्या मॉनिटरवर अंथरला. चारी बाजूंनी नीट खाली ओढला. कुठं फट राहिली नाही ना, ते वाकून बघितलं आणि मग स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले.

"हं. आता कर काय करायचं ते. फकस्त बघायचं न्हाई."

"पाटील, मला दिसल्याशिवाय मी काय करणार?"

"का गं? देवाचा नैवेद्य करताना बाई चव बघती काय? वास बी घेत न्हाई. तसंच हाय हे. आधी पंच बघणार, मग आपण."

 फोटो स्टुडिओचे मालक काउंटरवरून हसत होते. त्यांच्या दुकानात तोवर लग्नाच्या कॅसेटींवरून भांडणं झाली होती, पण कॉम्प्युटरला टॉवेल गुंडाळून कुणी पहारा दिला नव्हता.

त्या टॉवेलाखाली एक व्हिडिओ फाईल होती. श्रावणातल्या होड्यांच्या शर्यतीला पुण्याहून एक पाहुणा आला होता. त्याने घाटाच्या पायरीवर तिपाई लावून, शर्यत संपते त्या पताक्यांच्या दोराच्या बरोबर रेषेत कॅमेरा ठेवला होता. आणि त्याच दोराखालून आमची आमणवाडीची होडी आणि पाटलांची हरणगावची होडी नाकाला नाक लावून गेल्या होत्या. दोराजवळचा एक पंच म्हणाला आमणवाडी, दुसरा म्हणाला हरणगाव. दोन्ही गावांनी गुलाल उधळला आणि थोड्या वेळाने तोच गुलाल एकमेकांच्या डोळ्यांत फेकला. शेवटी शर्यतीचे मुख्य पंच रावसाहेब मगदूम यांनी जिंकणाऱ्या गावाला मिळणारी ढाल तात्पुरती हरणगावकडे ठेवायला दिली. हरणगावची माणसं जास्त होती आणि पोलीस कमी होते, एवढंच त्याचं कारण.

आमच्या होडीच्या सुकाणूवर माझे सासरे होते. हिंदुराव. मी त्यांना मामा म्हणायची.

आमच्याकडे म्हण आहे, गर्जेल तो पडेल काय आणि बोलेल तो करेल काय. ती मामांना बघूनच कुणीतरी केली असावी, असं गावाचं मत होतं. मामा बोलायला लागले की त्यांनी महापुरातून एकट्याने नाव कशी काढली तिथून सुरुवात व्हायची, आणि दर वेळी त्या महापुराचं पाणी हातभर वाढलेलं असायचं. लग्न होऊन मी आले तेव्हा ते पाणी मारुतीच्या गुडघ्यापर्यंत होतं. तीन वर्षांत ते शेपटीच्या गोंड्याला टेकलं.

तर शर्यतीच्या दिवशी दोर समोर आलेला, दोन्ही होड्या अटीतटीला आलेल्या, आणि मामांनी ओरडून हुकूम दिला, "वल्ही वर! मागं रेला!" पोरांनी वल्ही वर घेतली. शर्यत संपायच्या आधी! हे दोन्ही काठांनी बघितलं. मग काय, लोकांना विषयच मिळाला. म्हातारा जिंकायच्या आधीच जिंकला, म्हणाले. सून फोटोच्या दुकानात हाय, म्हातारा फोटोला पोज द्यायला थांबला, म्हणाले. हे दुसरं मला फार लागलं.

"मी जिंकायला थांबवलं," मामा चावडीवर एकदाच म्हणाले. असा हशा झाला की त्यांना पुढचं वाक्य बोलताच आलं नाही. घरी आले तर माझा नवरा भरत उंबऱ्यातच उभा. तो त्याच होडीत पुढच्या वल्ह्यावर होता आणि त्याच्या तळहाताची सालपटं निघाली होती.

"तुमच्यापायी गेली ढाल," तो बापाला म्हणाला. "आमी मरंस्तोवर वल्हवायचं आणि तुमी हात वर करून उभं ऱ्हायचं."

त्या दिवसापासून मामा बोलायचे बंद झाले. जेवायला हाक मारली की येत, ताटातलं खात आणि परसात जाऊन बसत. नदीकडे पाठ करून. आमच्या सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, जन्मभर त्या तोंडाचा वैताग होता. त्या मला चुलीपाशी म्हणाल्या, "उज्ज्वला, हे गप बसावंत म्हणून मी सोळा सोमवार केलं आसतं. आता भांडाय तरी उठावंत म्हणून करावं लागतील."

मला मात्र एकच दिसत होतं. त्या फाईलमध्ये मामा खरे ठरले तर माणूस परत घरात येईल. खोटे ठरले तर जन्माचे परसात बसतील.

आता ती फाईल कॉम्प्युटरवर लावून बघायला काय झालं होतं, असं कुणीही विचारेल. तर रावसाहेबांचा पाय मोडला होता. त्याच शर्यतीच्या गडबडीत घाटावरून घसरले आणि प्लॅस्टर घालून घरी पडून होते. निकाल तेच देणार होते आणि त्यांची अट साधी होती. "माझ्या घरात, माझ्या टीव्हीवर, आणि रिमोट माझ्या हातात. त्या कॉम्प्युटरचा उंदीर मी धरणार न्हाई."

पुण्याच्या पाहुण्याने कुरिअरने डिस्क पाठवली. रावसाहेबांच्या प्लेअरने ती पोटात घेतली, घरघर केली आणि बाहेर काढून दिली. पाहुण्याने फाईल जशीच्या तशी डिस्कवर टाकली होती. धान्य पोत्यात भरलं म्हणजे भाकरी होत नाही, ते दळायला लागतं. घरच्या प्लेअरला व्हिडिओ त्याला पचेल असाच दळून द्यावा लागतो, त्याला हव्या त्या मापात आणि हव्या त्या फोल्डरमध्ये. ते काम कसब्यात, म्हणजे घाटावरच्या या बाजारगावात, फक्त आमच्या स्टुडिओत व्हायचं आणि आमच्या स्टुडिओत ते मीच करायची. हरणगावने अर्थातच हरकत घेतली. हिंदुरावाच्या सुनेच्या हातात हिंदुरावाची शर्यत? त्यावर तोड निघाली ती अशी, की त्यांच्या होडीचे सुकाणूवाले शिवगोंडा पाटील स्वतः शेजारी बसतील.

"पाटील, सुरुवात तरी बघू द्या," मी म्हणाले. "डिस्क लागते का, चित्र बरं आहे का, एवढं कळायला पाहिजे. पाहुणा म्हणाला, सुरुवातीला नुसतं पाणीच आहे."

पाटलांनी विचार केला. "होड्या दिसायच्या आत टावेल पडणार."

"चालेल."

मी फाईल लावून दिली. पहिली डिस्क तयार झाली तशी दुकानातल्या गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या टीव्ही-प्लेअरवर घातली. पाटील टॉवेल घेऊन टीव्हीच्या बाजूला उभे राहिले, लग्नात अंतरपाट धरतात तसे.

पडद्यावर नदी आली. पताक्यांचा दोर आला. दोराच्या अलीकडे एक म्हैस पाण्यात बसली होती. पण म्हैस अशी लांबलचक की तिचं तोंड घाटाला आणि शेपूट कर्नाटकात!

"ही कुठली जात?" पाटील म्हणाले.

"चित्र ताणलं गेलंय. लांबी-रुंदीचं माप चुकलं."

"मग होडीचं नाक बी लांब हुईल की! कुणाचं नाक खरं आणि कुणाचं ताणल्यालं, कसं कळायचं? न्हाई न्हाई. परत कर."

परत केलं. पाटील स्टुलावर, मी खुर्चीवर, टॉवेल मॉनिटरवर. फाईल दळून व्हायला वेळ लागायचा. त्या वेळात पाटलांनी मला त्यांच्या दोन लेकींच्या बाळंतपणांपासून उसाच्या तोडीपर्यंत सगळं सांगितलं. भला माणूस होता, आमच्या गावाचा असता तर मी तेव्हाच कबूल केलं असतं. दुसरी डिस्क लावली. म्हैस मापात आली. पण तिने माश्या हाकलायला शेपूट हलवलं आणि पडद्यावर एकाच्या तीन शेपट्या झाल्या, कडा कंगव्यासारख्या फाटलेल्या.

मी डोक्याला हात लावला. पाटलांना मात्र ते चित्र आवडलं होतं.

"आता तर म्हस बेस दिसती."

"शेपूट बघा की. जोरात हललं की फाटतंय. होड्या म्हशीपेक्षा जोरात येणार. चित्र थांबवलं की तुमच्या होडीला तीन नाकं दिसतील, आमच्या होडीला तीन. रावसाहेब कुठलं धरणार?"

पाटील हळूच स्टुलावर बसले. त्यांनी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं.

"तू गप बसली आसतीस तर मला कळलं बी नसतं," ते म्हणाले. "आणि तसल्या चित्रावर निकाल लागलाच नसता. ढाल आमच्यातच ऱ्हायली आसती."

"म्हणूनच सांगितलं."

तिसऱ्या वेळी मी घाई केली नाही. कॅमेरा चित्र एकाआड एक ओळींत, दोन खेपांत लिहितो. त्यातल्या कुठल्या ओळी आधी लिहिल्या आहेत ते शोधून तसंच बसवलं, आणि डिस्क सगळ्यात सावकाश राईट केली, कारण जुने प्लेअर घाईत लिहिलेलं वाचत नाहीत. शेवटी तिचं तोंड बंद करायला विसरले नाही. फायनलाइज केलं नाही तर दुकानात लागते आणि घरी लागत नाही. टीव्हीवर म्हशीने शेपूट हलवलं. एकच शेपूट, केसन्‌केस मोजावा असं. मी आणि पाटील, दोघांनी एकदम टाळी वाजवली आणि मालक आतून धावत आले. तेवढ्यात पडद्याच्या कडेला पाणी फेसाळलेलं दिसलं. पाटलांनी टॉवेल टाकला आणि मी बटण दाबून डिस्क काढली.

निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी होता. रात्रभर डिस्क ठेवायची कुठे? माझ्या घरी नाही, पाटलांच्या घरी नाही, आणि स्टुडिओचे मालक म्हणाले, मला यात घेऊ नका. मग घाटावरच्या कृष्णामाईच्या देवळात ठेवायचं ठरलं. सोनाबाई गुरवीण देवळाची पूजा करायची. तिच्या हातात आम्ही दोघांनी मिळून पाकीट दिलं. "देवीच्या पायापाशी ठिवती," ती म्हणाली. "बगू कोण हात लावतंय."

संध्याकाळी नावेने पलीकडे घरी आले तर मामा परसातच. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"मामा, उद्या रावसाहेबांकडं चला."

ते कोंबड्यांना दाणे टाकत राहिले. मूठ रिकामी झाली तेव्हा म्हणाले, "तू बघितलीस?"

इतक्या दिवसांनी आलेला आवाज होता तो, गंजलेल्या कडीसारखा.

"नाही. पाटलांचा टॉवेल होता."

"चांगलं झालं." परत दाणे टाकले. "नाक नीट दिसंल का?"

"म्हशीच्या शेपटाचा केस दिसतोय. नाक दिसणारच."

"मग येतो," मामा म्हणाले.

सकाळी रावसाहेबांच्या घराच्या पुढच्या सोप्यात उभं राहायला जागा नव्हती. एका बाजूला आमची पोरं, एका बाजूला हरणगावची. मध्ये कॉटवर रावसाहेब, प्लॅस्टरचा पाय उशीवर, उजव्या हातात रिमोट. मामा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. भरत त्यांच्यापासून लांब, टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसला होता. हरणगावने आणलेली ढाल कोनाड्यात ठेवली होती आणि सगळे तिच्याकडे बघत नसल्याचं सोंग करत होते.

सोनाबाईने पाकीट आणलं. रावसाहेबांच्या मुलाने डिस्क काढली, प्लेअरच्या कप्प्यात ठेवली आणि कप्पा आत गेला. घरघर झाली. थांबली. परत झाली. पडद्यावर निळ्या रंगावर अक्षरं आली आणि रावसाहेबांच्या मुलाने ती मोठ्याने वाचली.

"नो डिस्क. म्हणतंय, डिस्कच न्हाई."

 परत घातली, परत तेच. हरणगावचा एक उंच पोरगा उठला.

"न्हाईच दिसणार! सासरा हरतोय म्हटल्यावर सून कशाला दाखवंल? मोकळी डिस्क दिलीया हिनं!"

"ए!" भरत ताडकन उठला. आमची पोरंही उठली. मी त्या गोंधळात उभी, आणि मला पहिल्यांदा वाटलं की या माणसांसमोर आता काहीही बोलले तरी ते खोटंच वाटेल.

"बस खाली!" हा आवाज शिवगोंडा पाटलांचा होता. ते आपल्याच गावच्या पोराला झापत होते. "मी सवता समोर बसलोतो. म्हस मी बी बघितलीया. ह्या पोरीनं आपणहून सांगितलं, चित्र फाटतंय म्हणून, न्हाईतर मला काय कळत हुतं? तिच्यावर बोलशील तर माझ्याशी गाठ हाय."

 मी पुढे झाले, बटण दाबून कप्पा उघडला, डिस्क उचलली आणि उलटी केली.

चकचकीत बाजूवर मधोमध हळदीचं बोट होतं. त्याच्या शेजारी कुंकवाचं. वर अक्षतांचे दोन दाणे चिकटले होते.

मी डिस्क सगळ्यांना दिसेल अशी धरली. कुणालाच क्षणभर कळेना. मग सगळ्या माना सोनाबाईकडे वळल्या.

"आसं काय बगताय?" सोनाबाई म्हणाली. "रातभर द्येवीच्या पायापाशी हुती. द्येवापासची वस्तू कोरडी कशी परत द्यायची? पूजा केली."

"मावशी, पण या बाजूला?"

"मग काय पाठीवर लावू? ज्ये चमाकतंय त्येच तोंड आसणार की! कपाळ सोडून पाठीला कुकू लावत्यात व्हय तुमच्यात?"

आधी रावसाहेब हसले. त्यांचा प्लॅस्टरचा पाय हलला, त्यांना कळ आली आणि तरी ते हसत राहिले. मग हरणगाव हसलं, मग आमणवाडी हसली. तो उंच पोरगा खाली बसला आणि माझ्याकडे बघेना.

मी रावसाहेबांच्या सुनेकडे जुनं मऊ सुती कापड मागितलं, वाटीत पाणी आणि साबणाचा एक थेंब. अक्षता पाण्यानेच सोडवल्या, कारण ओढल्या असत्या तर ओरखडा गेला असता. कापडाने आतून बाहेर, आतून बाहेर, गोल न फिरवता पुसलं. कुंकू गेलं. हळद काही पूर्ण जाईना. फिकट पिवळा डाग राहिलाच. प्लेअरचा कप्पाही पुसला. मग कृष्णामाईचं नाव घेऊन डिस्क आत ठेवली. तिचीच हळद होती, तिनेच निस्तरायची.

घरघर. थांबली. परत घरघर, लांब. 

पडद्यावर नदी आली. आणि म्हैस.

"आली!" पाटील ओरडले. अख्ख्या सोप्याने त्या म्हशीचं असं स्वागत केलं की तिला कळलं असतं तर ती पाण्यातून उठून उभी राहिली असती. म्हैस यथावकाश निघून गेली. मग डावीकडून फेस आला, आरोळ्या आल्या आणि दोन होड्या चित्रात शिरल्या.

"थांबवा," पाटील म्हणाले.

रावसाहेबांनी चित्र थांबवलं. पुढे जायचं बटण त्यांना मी दाखवलं होतं. एक दाबलं की चित्र एक पाऊल पुढे. दोन्ही नाकं सुईसारखी स्वच्छ दिसत होती. हरणगावचं नाक पुढे होतं. चांगलं दोन वीत पुढे. आमच्या पोरांच्या माना खाली गेल्या.

एक पाऊल. हरणगाव पुढे.

एक पाऊल. दोर आता होडीपासून कासराभर. आमच्या होडीत मागे उभे असलेले मामा दिसत होते, तोंड उघडलेलं, हात वर.

एक पाऊल. आमची वल्ही पाण्याच्या वर. सगळीच्या सगळी. हरणगावची अजून पाण्यात.

"बघा!" भरत पडद्यावर बोट ठेवून म्हणाला. "दोर पुढं हाय आणि वल्ही वर हायत. थांबवलं का न्हाई आमाला?"

मी मामांकडे बघितलं. ते पडद्याकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते. त्यांना बघायची गरज नव्हती, हे मला त्या वेळी कळलं नाही.

"गप," रावसाहेब म्हणाले आणि बटण दाबलं.

आमच्या होडीतली सगळी पोरं एकदम मागे रेलली होती, पाठी जवळजवळ आडव्या. आणि होडी पुढे सरकली होती. वल्ह्याशिवाय! हरणगावचं नाक आता वीतभरच पुढे.

एक पाऊल. दोन्ही नाकं बरोबरीत.

एक पाऊल. पोरं अजून मागेच, मामांचं अंग मागे, आणि आमचं नाक पाण्यातून जरा उचललेलं. दोराची सावली त्या नाकावर पडली होती. हरणगावच्या नाकावर अजून ऊन होतं.

 रावसाहेबांनी चित्र मागे नेलं, परत पुढे आणलं. परत मागे, परत पुढे. ते स्वतः तरुणपणी सुकाणूला होते. त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता.

"हिंदुराव," ते म्हणाले, "ही रेल तुला कुणी शिकवली?"

मामा चौकटीपासून पुढे आले.

"माझ्या बानं," ते म्हणाले. आवाज अजून धरलेलाच होता. "नावेतनं धक्क्यावर पाय टाकला की नाव मागं पळती. ठावं हाय न्हवं? आपण हिकडं, तर ती तिकडं. मग समद्यांनी एकदम मागं रेललं की ती कुठं जाणार? पुढंच. पर एकदाच. आणि दोर हाताशी आल्यावरच. आधी रेललं तर मेलं, उशिरा रेललं तर फुकट." ते थांबले. "हे मी चावडीवर सांगणार हुतो. कुणी ऐकून घेतलं न्हाई."

"सांगणारा तू हुतास ना," रावसाहेब म्हणाले. "तुझा म्हापूर सगळ्यांनी ऐकलाय." मग रिमोट खाली ठेवून ते ताठ बसले. "आमणवाडी जिंकली. दोन्ही गावांनी डोळ्यांनी बघितलंय. ढाल त्यांची."

आता सोप्यात जे झालं ते लिहून सांगण्यासारखं नाही. छपराची कौलं हलली असतील. मी रडत होते आणि हसत होते. कुणीतरी सोनाबाईलाच उचललं आणि ती शिव्या देत होती. त्या सगळ्यात भरत मात्र टीव्हीपुढून हलला नव्हता. थांबलेल्या चित्रात होडीच्या पुढच्या वल्ह्यावर तो स्वतः दिसत होता, आकाशाकडे तोंड करून मागे रेललेला.

"मी बी रेललोय की," तो म्हणाला.

"हुकूम पाळलास," मामा म्हणाले. "म्हणून तर नाक गेलं पुढं. एक जरी ताठ बसला आसता तरी हरलो आसतो."

भरतने मान वळवली. बापाकडे बघितलं. मग उठला आणि त्यांचे पाय धरले. मामांनी त्याला उठवलं नाही लगेच. त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

शिवगोंडा पाटलांनी कोनाड्यातली ढाल स्वतः काढली. आपल्या टॉवेलाने पुसली, त्याच टॉवेलाने. मामांच्या हातात देताना म्हणाले, "हिंदूतात्या, चाल आमची जास्त हुती."

"हुती," मामा म्हणाले. "दोन विती जास्त हुती. खोटं कशाला बोलू?"

"ही रेल आमाला शिकवा."

"शिकवतो की. फुडच्या वर्षी हरल्यावर."

पाटील एवढे मोठ्याने हसले की दोन्ही गावांची सोयरीक तिथेच जुळली म्हणायची. मला ते म्हणाले, "पोरी, ती म्हस मला एका डिस्कवर करून दे. एकली म्हस."

आम्ही घाटावर आलो. आमचं गाव पलीकडे. काठावर लोक जमलेले दिसत होते, पण मुंग्यांएवढे. निकाल अजून त्यांना कळला नव्हता. मोबाईल दोन-चार जणांकडे होते आणि घाटाखाली रेंज कुणालाच नव्हती. पोरं नावेत चढायला लागली. भरतने ढाल वर उचलली, पण एवढ्या लांबून ती ढाल की परात, कळणार नव्हतं.

मामा नावेत चढले नाहीत. पाण्यात गुडघाभर आत गेले. दोन्ही हात तोंडाशी धरले. त्यांची छाती भरलेली मी मागून बघितली.

"जिंकलोऽऽऽ!"

त्या माणसाने इतके दिवस आत कोंडलेलं सगळं त्या एका हाळीत सोडलं. देवळाच्या शिखरावरची पाखरं उडाली. धुणं धुणाऱ्या बायका ताठ उभ्या राहिल्या. हाळी पाण्यावरून गेली, पलीकडच्या दरडीवर आपटली आणि अर्धी परत आली.

"जिंकलोऽऽ! नाकानं जिंकलोऽऽ! माझ्या सुनंनं दावलं समद्यास्नीऽऽ!"

मला कुठे बघू ते कळेना. पलीकडे क्षणभर काहीच हललं नाही. मग मुंग्या नाचायला लागल्या. थाळ्या वाजल्या, कुणाची तरी हलगी वाजायला लागली. आणि त्या सगळ्या कल्लोळातून एक बारीक, खणखणीत, मला रोजचा ओळखीचा आवाज पाण्यावरून चालत आला. आत्यांचा.

"ऐकलंऽऽ! आता गपऽऽ!"

मामांनी परत छाती भरली.

"न्हाई गप बसतऽऽऽ!"